रिपेकाची डावखुरी रायफल

मी एक जुनी रायफल आहे, आणि तीही डावखुरी. माझ्या दस्त्यावर काट्याकुट्यांचे ओरखडे आहेत आणि नळीचा काळा रंग टोकाशी उडाला आहे. तरीही मित्रांनो, मार्च महिना सरत आला, आमच्या दक्षिणेकडच्या देशात शरद लागला, सकाळी गवतावर गार दव साचू लागले आणि वायपुनाच्या डोंगरातून पहिल्या नर हरणाची आरोळी घुमली, की मला कपाटात चैन पडत नाही. लोखंडाला कसली आली आहे चैन, असे तुम्ही म्हणाल. माझी हकिगत ऐका, म्हणजे पटेल.

माझा जन्म फार उत्तरेला, बर्फाच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या जाड सळईला आरपार भोक पाडून माझी नळी झाली. तिच्या आत पीळदार खाचा कोरल्या, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला. माझ्या बरोबरच्या सगळ्या रायफलींचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा दांडा, उजव्या अंगाला होता, माझा तेवढा डाव्या अंगाला. माझी ताकद मधली. ज्या कारागिराने मला पहिल्यांदा उडवून पाहिले, तो शेजारच्याला म्हणाला, "हिनं बोकड पडेल, डुक्कर पडेल, हरीण पडेल, आणि उडवणाऱ्याचा खांदाही जागेवर राहील." माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. त्यानंतर पुढची बरीच वर्षे मला कोणी चांगले म्हटले नाही.

जहाजातून, मग ट्रकमधून मी पार दक्षिणेच्या बेटांवरच्या ओपोटिकी गावात नोएलीनबाईंच्या दुकानात पोचले. तिथे बंदुकी होत्या, मासेमारीचे गळ होते, रबरी बूट होते आणि कुत्र्यांच्या खाण्याची पोतीही होती. मागवली होती उजव्या हाताची रायफल, आले मी. गिऱ्हाईक मला उचलायचे, सवयीने उजवीकडे हात न्यायचे, तिथे काहीच सापडायचे नाही. "हिचा हात मोडलाय का?" असे म्हणून हसायचे आणि मला पुन्हा रांगेच्या टोकाला, खिडकीजवळ ठेवून जायचे. उन्हाने माझ्या दस्त्याचे एक अंग फिके पडले. माझ्या नंतर आलेल्या रायफली विकल्या जात, डोंगरात जात, वर्षाने दुरुस्तीला परत येत आणि काय काय सांगत. मी ऐकत राही. दुकानातला माल मोजणारा माणूस म्हणाला, "ही परत पाठवून द्या." नोएलीनबाई म्हणाल्या, "राहू दे रे. हिच्यासारखं कुणीतरी असेलच की."

आणि एके दिवशी दुकानासमोर शाळेची पिवळी बस येऊन उभी राहिली. बस चालवणारी बाई खाली उतरली. अंगाने ठेंगणी, खांदे रुंद, केसांचा घट्ट अंबाडा. ती रिपेका. तिच्या बरोबर तिचा चुलत भाऊ रावीरी होता, उंचापुरा, बोलका, खोऱ्यातला नावाजलेला शिकारी.

"बोला," नोएलीनबाई म्हणाल्या.

"ताईला हरीण मारायचंय," रावीरी म्हणाला. "अजून पत्र्याचा डबा पडत नाही, पण हरीण मारायचंय."

रिपेकाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने सदऱ्याची कॉलर बाजूला सारून खांदा दाखवला. तो निळाजांभळा झाला होता. "बाबांच्या रायफलीनं केलंय हे," ती म्हणाली.

मग तिने सांगितले ते मी कान देऊन ऐकले. तिची आई मागच्या वर्षी गेली होती. येत्या ईस्टरला, त्यांच्या रीतीप्रमाणे, तिच्या थडग्यावरच्या दगडाचे कापड काढायचे होते. सगळे नातेवाईक मराएच्या, म्हणजे त्यांच्या लोकांच्या सभाघराच्या, अंगणात जमणार, समुद्रापलीकडच्या पर्थच्या खाणीतून तिचे दोन्ही भाऊ येणार, जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर हांगीचे जेवण शिजणार. अशा जेवणात आपल्या डोंगरातले मांस असायलाच हवे, आणि ते आजवर तिचे बाबा एरुएरा आणत आले होते. पण साखरेच्या आजारात त्यांचा एक पाय गुडघ्याखालून गेला. आता डोंगर ते लांबूनच पाहत.

"मी आणतो म्हटलं ना," रावीरी म्हणाला. "हिचा हट्ट."

"लहानपणी बाबांच्या मागनं डोंगरात मीच जायचे," रिपेका नोएलीनबाईंना म्हणाली. "मांस पाठीवर घेऊन मीच उतरायचे. रायफल तेवढी भावांच्या हातात. ते दोघं आता खाणीत ट्रक चालवतात, त्यांना आपली टेकडीपण ओळखू यायची नाही. आईच्या जेवणाला मांस मी आणणार."

"मग हिला ती मोठी द्या," रावीरीने एका धिप्पाड रायफलीकडे बोट दाखवले. "एकदा उडवली की हरणाबरोबर डोंगरपण खाली आला पाहिजे."

"आणि हिचा दुसरा खांदा तू देणार का?" नोएलीनबाई म्हणाल्या. मग थोड्या ओशाळून त्यांनी गल्ल्यामागून एक छोटी रायफल काढली. तिचा दस्ता गुलाबी होता. "कंपनीनं पाठवलीय. खास बायकांसाठी म्हणे."

"हरणाला गुलाबी आवडतो का?" रिपेकाने विचारले.

"हरणाला रंग कळत नाही. कंपनीलाही कळत नाही."

दोघी हसल्या. रिपेका म्हणाली, "मला एकच रायफल हवी. बोकडाला तीच, डुकराला तीच, हरणाला तीच. दिवसभर खांद्यावर घेऊन चढता आलं पाहिजे. आणि लागली पाहिजे, एवढंच."

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल याची कल्पना करा. ती मलाच मागत होती, आणि मी खिडकीशी धूळ खात उभी होते.

एकामागून एक रायफली तिच्या खांद्याला लागल्या. प्रत्येक वेळी ती मान वाकडी करून गाल दस्त्यावर आडवा टाकायची. नोएलीनबाई बघत राहिल्या. "बाई गं, तू किल्लीच्या भोकातून बघतेस का?" त्या म्हणाल्या. "ती ठेव खाली. दोन्ही हात पुढं कर, बोटांची खिडकी कर, आणि त्यातनं माझ्या नाकाकडं बघ. डोळे दोन्ही उघडे."

रिपेकाने तसे केले. नोएलीनबाई समोरून पाहत होत्या. बोटांच्या खिडकीतून त्यांना रिपेकाचा डावा डोळा दिसत होता.

"तुझा डावा डोळा मालक आहे. तू उजव्या खांद्याला लावतेस आणि डाव्या डोळ्यानं नेम धरतेस. डबा पडेल कसा?"

"पण मी लिहिते उजव्या हातानं."

"लिही की. इथं कुणाला पत्र लिहायचंय?"

आणि मग, मित्रांनो, नोएलीनबाई सावकाश मान वळवून रांगेच्या टोकाकडे पाहू लागल्या.

रिपेकाने मला उचलले, डाव्या खांद्याला लावले. तिची मान सरळ राहिली. तिचा गाल माझ्या दस्त्यावर टेकला आणि तिचा डावा हात आपोआप माझ्या बोल्टवर आला. तिथे तो होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा तरी हात मला शोधत आला आणि मी त्याला सापडले. 

माझा दस्ता तिला किंचित लांब होता. नोएलीनबाईंनी मला मागच्या खोलीत नेऊन शिकंज्यात धरले आणि करवतीने मागून बोटभर लाकूड कापून टाकले. मला दुखले नाही. कोणाचे तरी माप अंगावर येते आहे या आनंदात मला काही जाणवलेच नाही.

सरावासाठी आम्ही जुन्या खडीच्या खाणीत गेलो. एरुएरा घडीच्या खुर्चीवर कुबडी आडवी ठेवून बसले. रिपेकाने मला उडवले. पहिली गोळी मातीत गेली. दुसरीही. तिला अजून त्या जुन्या रायफलीच्या धक्क्याची धास्ती होती, चाप ओढण्याआधीच तिचे डोळे मिटत होते. मग तिला हळूहळू कळले की ही मारकी नाही. डबा उडाला आणि खडीवर खणखणत घरंगळला.

"परत," एरुएरा म्हणाले.

डबा पुन्हा उडाला.

"परत."

संध्याकाळ होईपर्यंत त्यांनी दुसरा शब्द काढला नाही. परतताना गाडीत म्हणाले, "तुझी आई असती तर आज मला बोलली असती, पोरी. एवढी वर्षं तुझ्या पाठीवर ओझं दिलं आणि हातात काही दिलं नाही."

"आता दिलंत ना," रिपेका म्हणाली आणि गाडीचा गिअर बदलला.

ईस्टरच्या आधीचा आठवडा उजाडला. हरणांच्या आरोळ्यांचे ते ऐन दिवस. सगळा डोंगर गर्जत होता. त्या दिवसांत शिकारीही प्लॅस्टिकच्या नळीत तोंड घालून नरासारखे ओरडतात, म्हणजे खरा नर चिडून समोर येतो. रावीरीची ती आरोळी तर इतकी हुबेहूब की माद्यासुद्धा फसत. ठरले असे, की त्याने नदीच्या पलीकडे राहायचे आणि रिपेकाने अलीकडच्या उतारावर. दोघांच्या डोक्यावर नारिंगी टोप्या. एरुएरा खोऱ्याच्या तोंडाशी गाडीत बसले, हातात छोटा वायरलेस घेऊन.

"ऐकू येतंय का?" त्यांचा आवाज रिपेकाच्या खिशातून आला.

"येतंय, बाबा. मघाचपासून तिसऱ्यांदा येतंय."

"मग बोलत जा की. मी काय इथं मेंढ्या मोजत बसू?"

ती चढत होती आणि मी तिच्या पाठीवर झुलत होते. ओल्या नेच्यांचा वास, खाली नदीचा आवाज, वर आरोळ्या. इतकी वर्षे खिडकीतून मी एक रस्ता आणि एक खांब पाहिला होता. आता मला सगळे एकदम मिळत होते. माझ्या पोटात गोळ्या होत्या, नळी अजून रिकामी होती, आणि मी उतावळी झाले होते.

दुपार कलल्यावर आम्ही एका दरडीच्या वरच्या कडेला बसलो. समोर नेच्यांनी भरलेला उतार होता. रिपेकाने मला पाठपिशवीवर आडवे ठेवले. अचानक खालून आरोळी उठली, इतकी जवळून की माझा पट्टा थरथरला. नेचे हलले. त्यांच्या वर काहीतरी तपकिरी दिसले, पाठीसारखे, रुंद. ते थोडे पुढे सरकले आणि थांबले.

उचल, मला वाटले. उचल ना मला.

तिचा हात माझ्या दस्त्यावर आला. क्षणभर थांबला. आणि मग निघून गेला. तिने गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली.

खरे सांगते, मला राग आला. माझ्या नळीवरही दुर्बीण होती, त्यातून पाहिले असते तर पाहता पाहता काम झाले असते. नर काय आपली वाट पाहत उभा राहणार आहे? पण तिने मला बोटही लावले नाही. वायरलेसमधून एरुएरा कुजबुजले, "आरोळी इथवर आली. दिसलं का?"

"तपकिरी दिसतंय."

"तपकिरी म्हणजे काय?"

"अजून ठाऊक नाही."

"मग ठाऊक होईपर्यंत बस गप."

पुन्हा आरोळी. नेच्यांतून काहीतरी वर उचलले गेले, लांब, वाकडे, शिंगासारखे. माझा धीर सुटत चालला. रिपेकाने मात्र दुर्बीण त्या शिंगाच्या मुळाशी नेली. तिने दुर्बीण खाली घेतली. माझा बोल्ट मागे ओढून काढला आणि खिशात टाकला, पोटातल्या गोळ्या काढल्या, आणि मग उभी राहून हाक मारली.

"रावीरी, हात वर कर आणि तिथंच उभा राहा."

नेच्यांतून तपकिरी लोकरीचा सदरा घातलेला रावीरी उभा राहिला. हातात आरोळीची नळी. डोक्यावर काही नव्हते.

"तू इथं काय करतेस?" त्याने खालून विचारले.

"मी ठरल्या जागी बसलेय. तू काय करतोस?"

"नर नदी ओलांडून इकडं आला. मी मागं मागं आलो."

"टोपी?"

त्याने डोक्याला हात लावला. "नदीत गेली वाटतं."

तो वर चढून आला. आम्ही बसलो होतो तिथून त्याने खाली, तो उभा होता त्या जागेकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. आणि एवढा मोठा माणूस गवतात खाली बसला.

"नेम धरला होतास?"

"नाही. मी रायफल उचललीच नाही."

तो बुटावरची माती काढू लागला. मग म्हणाला, "मी असतो, तर उचलली असती."

त्या वेळी माझा राग कुठल्या कुठे गेला. मी पिशवीवर रिकामी पडून होते आणि पहिल्यांदा मला रिकामे असण्याचे सुख कळले.

"बोला की कुणीतरी," वायरलेस कुरकुरला.

रावीरीने तो हातात घेतला. "काका, मी इथं आहे. रिपेकाच्या बाजूला."

 पलीकडून खरखर आली. मग एरुएरा हळू आवाजात म्हणाले, "घरी गेलास की आधी तुझ्या दोन्ही पोरींना जवळ घे. शिव्या मी तुला मग देतो."

रिपेकाने पाठपिशवीला बांधलेले नारिंगी कापड सोडले आणि रावीरीच्या डोक्याला गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारली. "आता आपली आजी दिसतोस," ती म्हणाली. त्याला हसू आले, आणि हसता हसता त्याने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

उजेड अजून होता. रिपेकाने बोल्ट पुन्हा बसवला, गोळ्या माझ्या पोटात भरल्या. ते दोघे बरोबरच वर निघाले, तो मागे, ती पुढे. माथ्याजवळच्या मोकळ्या गवतात आम्हाला एक मोठा नर दिसला. काय त्याची शिंगे होती, मित्रांनो. रावीरी कुजबुजला, "ताई, असा नर आयुष्यात एकदा दिसतो."

"बाबा, मोठा नर आहे," रिपेका वायरलेसवर कुजबुजली. "शिंगं झाडासारखी."

"मग काय, शिंगांची आमटी करणार आहेस? या दिवसांत तो बोकडापेक्षा घाण वास मारतो. त्याच्या मागं कोण आहे ते बघ."

त्याच्या मागे एक तरुण नर चरत होता. गुबगुबीत, बोटभर शिंगे फुटलेला. रिपेकाने दुर्बीण लावली आणि हलक्या आवाजात, स्वतःलाच सांगावे तसे सांगत गेली, "कान. मान. चार पाय. मागं डोंगर. माणूस नाही." मग तिने दुर्बीण सोडली, आणि मला उचलले.

तिचा गाल माझ्यावर टेकला. डाव्या हाताने बोल्ट पुढे सरकवला आणि गोळी माझ्या नळीत आली. तिचे काळीज माझ्या दस्त्यावर धडधडत होते, की माझेच, मला सांगता येत नाही. तिने अर्धा श्वास सोडला. चाप हळूच मागे आला.

सगळा डोंगर दणाणला. हरीण जागच्या जागी बसले आणि उठले नाही.

रिपेकाने त्याच्या मानेवर हात ठेवून चार शब्द पुटपुटले. मग वायरलेस तोंडाजवळ नेला.

"ऐकला मी आवाज," एरुएरा म्हणाले. "एकच होता."

ईस्टरच्या रविवारी दगडावरचे कापड निघाले. रडून झाले, गाणी झाली, मग खड्ड्यावरची माती सारली आणि वाफ उठली. रताळी, भोपळा, डुकराचे मांस, आणि वायपुनाचे हरीण. मी तिथे नव्हते, मी कपाटात होते. रात्री रिपेकाने मला पुसताना सांगितले ते मी तुम्हाला सांगते. पर्थचा थोरला भाऊ घास घेऊन म्हणाला, "रावीरी, झकास मारलंस." रावीरी ताट घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मी फक्त पाठीवरनं आणलं. मारलं तिनं."

त्यानंतरची वर्षे माझी धामधुमीची गेली. नवी रोपे खाणारे रानबोकड, रताळ्यांचे मळे उकरणारी डुकरे, शरदात हरणे. जे रिपेकाने दुकानात मागितले होते, ते मी सगळे केले. एकदा सुळे वाढलेले एक डुक्कर बरोबरच्या दोन कुत्र्यांना उडवून थेट आमच्यावर आले. रिपेकाची पहिली गोळी त्याला चाटून गेली, आणि तिने बोल्ट असा ओढला आणि असा ढकलला की मला कळायच्या आत मी दुसऱ्यांदा बोलले होते. डुक्कर तिच्या बुटापाशी येऊन पडले. खोऱ्यात लोक म्हणू लागले, "रिपेकाची डावरी बघितलीस का?" ज्या डावेपणाला हसत होते, त्याचेच आता नाव झाले.

मग वाईट दिवसही आले. एरुएरा गेले. धाकटा भाऊ आजारी पडला म्हणून रिपेका पर्थला गेली आणि तिथेच अडकली. मी कुलपात राहिले. पावसाळी हवेत कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आली आणि ती माझ्या नळीवर उतरली. आधी एक ठिपका, मग बोटभर डाग. बाहेर आरोळ्या उठत आणि विरत, कितीतरी शरद असे गेले. कपाट उघडून मला तेलाचा हात लावायला कोणी नव्हते. गंज हळू खातो, मित्रांनो, पण त्याला सुट्टी नसते.

रिपेका परतली तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. तिने मला उजेडात धरले, डागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "माझंच चुकलं गं." ती दिवसभर तेल लावून घासत बसली. गंज गेला, खळगा राहिला. तो अजून आहे.

आता ती डोंगरात कमी जाते. पण दर वर्षी आरोळ्यांच्या आधी खोऱ्यातल्या बाया मराएच्या अंगणात जमतात आणि रिपेका त्यांना रायफल निवडायला शिकवते. मी सगळ्यांच्या हातांतून फिरते. बहुतेकींना मी बसत नाही. मग रिपेका खुशीत म्हणते, "छान. ही तुझी नाही. चल, तुझी शोधू."

शेवटी सगळ्या रायफली गाडीत कुलूपबंद होतात, किल्ली रिपेकाच्या गळ्यात. बायांच्या हाती नुसत्या दुर्बिणी. समोरच्या नेच्यांत काहीतरी तपकिरी हलते आणि आरोळी उठते. "काय आहे ते सांगा," रिपेका म्हणते. दर वर्षी कोणीतरी घाईने म्हणतेच, "हरीण." मग नेच्यांतून थकलेला, टक्कल पडलेला रावीरी उभा राहतो. हे त्यानेच सुचवले होते, आणि तो एकही वर्ष चुकवत नाही. तो हात वर करून सांगतो, "मी रावीरी. मला दोन मुली आहेत. थोरलीचं लग्न झालंय." त्यावर कोणी हसत नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला कोरडे ठेवा, रिकामे ठेवा, कुलपात ठेवा. जिच्या मापाची मी आहे, तिच्याच हाती द्या. मी उतावळी आहे, माझी जातच तशी. आरोळी आली की मला धीर धरवत नाही. म्हणून मला धरणारे माणूस उतावळे नको. समोर काय आहे याची खात्री नसेल, तर मला पिशवीवरच पडू द्या. मला राग येईल. येऊ द्या.